लाँगस्ट्रीटचा गुन्हा

गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारकं, पुतळे आणि खुणेचे दगड मिळून तेराशेच्या वर आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या त्या शेताडीतून गाडीने फिरताना दर वळणावर कोणीतरी ब्राँझचा माणूस भेटतो. मेरीलँडला भाच्याकडे गेलो होतो तेव्हा एक अख्खा दिवस तिथे घालवला. सेमिनरी रिजच्या रस्त्याने जाताना व्हर्जिनिया राज्याचं स्मारक लागतं. उंची ४१ फूट आणि सगळ्यात वर घोड्यावर बसलेला रॉबर्ट ई. ली. मान मागे टाकल्याशिवाय चेहरा दिसत नाही. तिथून पुढे, झाडीत, आणखी एक घोडेस्वार आहे. त्याला चौथराच नाही. घोड्याचे खूर थेट जमिनीवर, पुढचा एक पाय उचललेला, आणि जवळ गेलं की घोड्याला सहज हात लावता येतो. भाच्याच्या मुलीने विचारलं, "याचा चौथरा कोणी चोरला का?"

तो घोडेस्वार म्हणजे जनरल जेम्स लाँगस्ट्रीट. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर सैन्याचा प्रमुख असलेल्या लीच्या हाताखालचा सर्वांत ज्येष्ठ सेनापती. लीचं स्मारक उभं राहिलं १९१७ साली, लाँगस्ट्रीटचा पुतळा १९९८ साली. दोघे एकाच सैन्यात, एकाच लढाईत, एकाच बाजूने हरले. तरी मध्ये ८१ वर्षं गेली. या उशिराचं कारण रणांगणावर शोधू गेलं तर सापडत नाही. ते युद्ध संपल्यावरच्या दहा वर्षांत आहे.

सेनापतींच्या कीर्तीबद्दल आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो, की ती लढाईत ठरते. जिंकला तर मोठा, हरला तर छोटा, आणि शौर्याने हरला तर त्याहून मोठा. माझं म्हणणं असं आहे की बऱ्याचदा ती शांततेच्या काळात, लिहिणाऱ्यांच्या बैठकीत ठरते. आणि म्हणून एखाद्या सेनापतीवरचा आरोप वाचताना आरोप काय आहे याच्याआधी त्याची तारीख पाहावी. लाँगस्ट्रीटचं प्रकरण याचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ दाखला आहे.

आधी माणूस. १८२१ साली दक्षिण कॅरोलिनात जन्म, वाढला जॉर्जियात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८४२ साली बाहेर पडला तेव्हा ५६ जणांत ५४ वा. पुस्तकात डोकं नव्हतं, अंगापिंडाने मात्र दणकट. एक वर्ष मागे असलेला आणि पुढे उत्तरेचा सरसेनापती झालेला युलिसिस ग्रँट त्याचा जिवलग मित्र. पुढे ग्रँटने लाँगस्ट्रीटच्या आईकडच्या नात्यातल्या ज्युलिया डेंटशी लग्न केलं. मेक्सिकोच्या युद्धात, १८४७ साली, चापुल्टेपेकच्या गढीवर चढताना लाँगस्ट्रीटच्या मांडीत गोळी बसली. पडता पडता त्याने हातातला झेंडा शेजारच्या तरुण लेफ्टनंटकडे दिला. त्या लेफ्टनंटचं नाव जॉर्ज पिकेट. हे नाव लक्षात ठेवा.

१८६१ साली दक्षिणेतली राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटली, तेव्हा लाँगस्ट्रीटने अमेरिकेच्या लष्कराचा राजीनामा दिला आणि त्यांच्या बाजूने उभा राहिला. हे वाक्य मी मुद्दाम असं उघडं ठेवलं आहे. या लेखात पुढे त्याच्याबद्दल चांगलं बरंच येणार आहे, पण ते सगळं या वाक्याच्या खाली लिहिलेलं आहे असं समजावं.

१८६२ च्या सुरुवातीला दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये तांबड्या तापाची साथ आली. आठवडाभरात लाँगस्ट्रीटची तीन मुलं गेली, चौथा मुलगा कसाबसा वाचला. पत्ते खेळणारा, थट्टामस्करी करणारा हा माणूस त्यानंतर गप्प झाला असं त्याच्याबरोबरच्यांनी लिहून ठेवलं आहे. काही इतिहासकार त्याच्या युद्धतंत्रातला सावधपणाही या दुःखाशी जोडतात. मला ते जोडकाम थोडं सोयीचं वाटतं. सावधपणाचं कारण समजायला त्याच वर्षीच्या डिसेंबरमधलं फ्रेडरिक्सबर्ग पुरेसं आहे.

१३ डिसेंबर १८६२. गावामागच्या टेकडीच्या पायथ्याशी एक खोलगट रस्ता, त्याच्या कडेला दगडी गडगा. गडग्याआड लाँगस्ट्रीटचे बंदूकवाले, वर टेकडीवर तोफा. समोरच्या उघड्या माळावरून उत्तरेच्या ब्रिगेडी एकामागून एक चालून आल्या. संध्याकाळपर्यंत येतच राहिल्या. एकही त्या गडग्यापर्यंत पोचली नाही. त्या लढाईत उत्तरेची साडेबारा हजारांच्या वर माणसं मेली वा जखमी वा बेपत्ता झाली. दक्षिणेची त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसायचा. आता पेचदार नळीच्या रायफली आल्या होत्या, आणि तीनशे यार्डांवरून माणूस टिपता येत होता. नेपोलियनच्या काळात चालून जाणाऱ्या रांगेला जे जमत होतं ते आता जमणार नव्हतं. वेस्ट पॉइंटमध्ये ५४ व्या नंबरावर आलेल्या या माणसाला हे त्या दिवशी कळलं. पहिल्या नंबरांत आलेल्या कित्येकांना कळायला आणखी दोन वर्षं आणि काही लाख मुडदे लागले. आधी मोक्याची जागा धरायची, शत्रूला आपल्यावर चालून यायला भाग पाडायचं आणि तो खिळखिळा झाला की मग उलटा तडाखा द्यायचा, हे त्याचं सूत्र त्यातून पक्कं झालं.

तडाखा देण्यात तो कमी होता असं मुळीच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मनॅससच्या दुसऱ्या लढाईत पंचवीस हजार माणसं एकदम शत्रूच्या बगलेवर सोडून त्याने ती लढाई एका दुपारी फिरवली होती. पुढच्या वर्षी चिकामॉगाला शत्रूच्या फळीत पडलेल्या भगदाडातून तो बाणासारखा घुसला. अँटिटमच्या भयंकर दिवसानंतर लीने त्याला आपला जुना युद्धाश्व म्हटलं होतं. ऑक्टोबर १८६२ मध्ये त्याला लेफ्टनंट जनरल करताना त्याचं स्थान लीच्या दुसऱ्या नामांकित सेनापतीच्या, स्टोनवॉल जॅक्सनच्याही वर ठेवलं गेलं.

आता गेटिसबर्ग. १ जुलै १८६३ ला लढाईला तोंड लागलं. संध्याकाळी लाँगस्ट्रीटने लीला सुचवलं, की समोरच्या टेकड्यांवर डोकं आपटण्यापेक्षा शत्रूच्या डाव्या अंगाने वळसा घालून त्याच्या आणि वॉशिंग्टनच्या मध्ये जाऊन बसू, मग तो झक मारत आपल्यावर येईल. लीने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी लाँगस्ट्रीटला शत्रूच्या डाव्या बगलेवर हल्ला करायचा होता. तो सुरू झाला दुपारी चारच्या सुमारास. तिसऱ्या दिवशी लीने शत्रूच्या फळीच्या मध्यावर धडक मारायचं ठरवलं. इतकी माणसं घेऊनही ती जागा घेता येणार नाही, असं आपण सांगितल्याचं लाँगस्ट्रीटने पुढे लिहिलं. सुमारे साडेबारा हजार माणसं पाऊण मैल उघड्या शेतातून चालत गेली. पुढे चाल करू का, असं पिकेटने विचारलं तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याने फक्त मान हलवली. चापुल्टेपेकला झेंडा घेऊन पुढे गेलेला तोच पिकेट. तासाभरात त्या साडेबारा हजारांतले निम्म्याहून जास्त पडले किंवा पकडले गेले. फ्रेडरिक्सबर्गच उलटं होऊन समोर आलं होतं. परत येणाऱ्या शिपायांना सामोरं जाऊन ली म्हणाला, चूक सगळी माझी आहे.

लीचा हा कबुलीजबाब महत्त्वाचा, कारण नंतर त्याच्या भक्तांनी तो मान्य करायचं नाकारलं.

पुढच्या दोन वर्षांत काय झालं? मे १८६४ मध्ये वाइल्डरनेसच्या जंगलात लाँगस्ट्रीटला आपल्याच माणसांची गोळी लागली, घशातून आरपार. उजवा हात लुळा पडला, आवाज कायमचा घोगरा झाला. बरा होऊन ऑक्टोबरात परत आला तेव्हा लीने त्याची कोअर, म्हणजे सैन्यातला त्याचा मोठा विभाग, त्याच्या हवाली केली. ९ एप्रिल १८६५ ला अॅपोमॅटॉक्सला शरणागती झाली त्या सकाळपर्यंत तो लीच्या बाजूला होता. गेटिसबर्ग ज्याच्यामुळे हरलो त्याला कोणी शेवटपर्यंत उजवा हात म्हणून ठेवत नाही. लीच्या अधिकृत अहवालात लाँगस्ट्रीटवर ठपका नाही. १८६३ ते १८६७ या काळात गेटिसबर्गचं खापर त्याच्यावर फोडणारी जाहीर मोहीम कोणी काढली नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या दारावरून जातं. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने कोंडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि तो भार खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसावर आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरचे भाव आभाळाला भिडले. लीने शरणागती पत्करली व्हर्जिनियातल्या एका खेड्यात. दिवाळं निघालं मुंबईत. प्रेमचंद रायचंदांसारखे धनी माणूस झोपले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. लाँगस्ट्रीटचं नाव त्या वेळी खानदेशात कोणी ऐकलं नसेल, पण तो आणि ली जितके दिवस टिकत होते तितके दिवस इथल्या कापसाला भाव होता.

युद्ध संपल्यावर लाँगस्ट्रीट न्यू ऑर्लिन्सला जाऊन कापसाच्या दलालीत आणि विम्याच्या धंद्यात पडला. मार्च १८६७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पुनर्रचनेचे कायदे केले. बंडखोर राज्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार द्यावा, नवी राज्यघटना करावी, मगच देशात परत यावं. न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रांनी गावातल्या बड्या लोकांना मत विचारलं. लाँगस्ट्रीटने पत्रं लिहिली. त्यांचा आशय साधा होता: आपण तलवारीने निवाडा मागितला, निवाडा आपल्याविरुद्ध गेला, आता तो पाळायचा. जूनमधलं पत्र छापण्याआधी त्याने आपल्या चुलत्याला दाखवलं. चुलते लेखक, कायदेपंडित, जग पाहिलेले. त्यांनी सांगितलं, हे छापलंस तर बरबाद होशील.

छापलं, आणि झाला. ज्यांनी त्याच्या हाताखाली प्राण पणाला लावले होते ते रस्त्यात ओळख दाखवीनात. धंदा बसला. त्याने लीकडे पाठिंबा मागितला. लीने तो नाकारला. लीची प्रतिमा समेट घडवणाऱ्या ऋषीची आहे. पण १८६६ साली काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार देऊ नये असंच त्याने सांगितलं होतं. लाँगस्ट्रीट मात्र थेट रिपब्लिकन पक्षात गेला, लिंकनच्या पक्षात. १८६९ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या जुन्या मित्राने, ग्रँटने, त्याला न्यू ऑर्लिन्सच्या कस्टम खात्यात नेमलं. फितूर म्हणायला आता पगाराचंही निमित्त मिळालं.

ऑक्टोबर १८७० मध्ये ली वारला. आठवणी न लिहिता. आणि मग तोंडं उघडली.

पहिलं तोंड ज्युबल अर्लीचं. हा लीच्याच सैन्यातला एक जनरल. युद्धानंतर मेक्सिको, क्युबा, कॅनडा असा भटकून १८६९ साली परतलेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण कुणासाठी केली असेल तर याच्यासाठी. जानेवारी १८७२ मध्ये, लीच्या जयंतीला, त्याने व्हर्जिनियात भाषण केलं: गेटिसबर्ग हरलं ते लाँगस्ट्रीटने हल्ल्याला उशीर केल्यामुळे. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावरून विल्यम पेंडलटन बोलला. हा लीच्या तोफखान्याचा प्रमुख आणि धंद्याने पाद्री. त्याने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला हल्ला करायचा हुकूम लीने दिला होता आणि लाँगस्ट्रीटने तो मोडला.

साक्षीदार मेलेला. हुकमाचा कागद नाही. मेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायला काहीच खर्च येत नाही.

लाँगस्ट्रीटने लीच्या खासगी कचेरीतल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं. टेलर, मार्शल, लाँग, व्हेनेबल. हुकूम निघाला असता तर यांच्याच हातून निघाला असता, आणि यांतला कोणीही लाँगस्ट्रीटच्या राजकारणाचा नव्हता. चौघांनी कळवलं, की अशा हुकमाची आम्हाला माहिती नाही. त्याहून साधा पुरावा घड्याळाचा. त्या दिवशी पहाटे लीने आपला कॅप्टन जॉन्स्टन शत्रूची डावी बगल कुठे आहे ते पाहायला धाडला होता. शत्रू कुठे आहे हेच पाहायचं बाकी असताना सूर्योदयाला हल्ला कोणावर करायचा होता?

अर्लीला हे सगळं सांगायची गरज का पडली, तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी सेमेटरी हिलची टेकडी न घेण्याचा दोष ज्यांच्यावर येऊ शकत होता त्यांच्यात अर्ली स्वतः होता. १८६५ च्या मार्चमध्ये, शेनँडोआच्या खोऱ्यात सगळं सैन्य गमावल्यावर, लीने त्याला घरी पाठवलं होतं. ज्याला लीने काढलं तो लीचा पट्टशिष्य बनला, आणि ज्याला लीने शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं तो गुरुद्रोही ठरला. रिचमंडमधून एका इतिहास मंडळाची पत्रिका निघू लागली, तिचे संपादक एक बाप्टिस्ट पाद्री. वर्षानुवर्षं लेख, पत्रं, खुलासे, प्रतिखुलासे. शाळेच्या पुस्तकांत तेच झिरपलं. लढलो ते गुलामगिरीसाठी नव्हे तर तत्त्वासाठी, हरलो ते संख्येमुळे आणि एका घरभेद्यामुळे, आणि ली चुकूच शकत नव्हता: तीन पायांची तिवई. एक पाय काढला की कोसळते, म्हणून लाँगस्ट्रीटला दोषी राहणं भाग होतं.

आपल्याला हे अपरिचित वाटायचं कारण नाही. पानिपताचं खापर कोणी मल्हाररावांवर फोडतो, कोणी भाऊंवर, कोणी बुणग्यांवर. कोण काय म्हणतो त्यावरून बोलणाऱ्याचं गाव आणि गोत ओळखता येतं असं आमचे इतिहासाचे मास्तर म्हणायचे. फरक एवढाच की लाँगस्ट्रीट हयात होता आणि त्याच्यावर चिखल उडत असताना त्याला रोजचं वर्तमानपत्र वाचायचं होतं.

त्याचा खरा गुन्हा कोणता, ते १४ सप्टेंबर १८७४ ला न्यू ऑर्लिन्सच्या कॅनॉल स्ट्रीटवर दिसलं. लुइझियानात रिपब्लिकन सरकार होतं. ते उलथवायला व्हाइट लीग नावाच्या टोळीची सुमारे पाच हजार हत्यारबंद माणसं शहरात जमली. त्यांत लाँगस्ट्रीटच्या जुन्या सैन्यातले शिपाईही होते. त्यांच्यासमोर गोऱ्या-काळ्यांचं मिश्र पोलीस दल आणि राज्याची मिलिशिया, आणि तिच्या शिरावर लाँगस्ट्रीट. वय ५३, एक हात निकामी. चकमक त्याने गमावली, स्वतः जखमी होऊन पकडला गेला. ग्रँटने फौज पाठवल्यावर तीन दिवसांनी टोळी मागे हटली. पण दक्षिणेतल्या गोऱ्यांनी जे पाहिलं ते पुसलं जाणार नव्हतं: लीचा युद्धाश्व कृष्णवर्णीय शिपायांना घेऊन गोऱ्यांवर गोळी चालवायला उभा राहिला. दुपारी चार वाजताचा हल्ला माफ झाला असता. हे माफ होणं शक्य नव्हतं.

१८७३ हे साल मला इथे अडवतं. त्या वर्षी पेंडलटनने सूर्योदयाच्या हुकमाची गोष्ट रचली. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. अर्पणपत्रिकेत त्यांनी ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना वाहिलं होतं, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली होती. जोतीराव ज्या कामाला नमस्कार करत होते ते काम तिकडे त्याच वेळी बंदुकीने आणि लेखणीने मोडून काढलं जात होतं. १८७७ साली केंद्र सरकारच्या फौजा दक्षिणेतून हलल्या आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं मत पुढची जवळजवळ नव्वद वर्षं नावापुरतं उरलं. लाँगस्ट्रीटची बदनामी हा त्या मोडतोडीचा एक छोटा भाग होता. जो गोरा सेनापती निवाडा मान्य करतो त्याचं काय होतं, हे बाकीच्यांना दिसायला हवं होतं. दिसलं. दुसरा कोणी त्याच्या तोलाचा पुढे आला नाही.

यावर दोन बाजूंनी हरकत घेतली जाते, आणि दोन्हींत तथ्य आहे.

एक म्हणते, राजकारण बाजूला ठेवा, माणूस सेनापती म्हणून चुकलाच होता. चुकला होता. सेव्हन पाइन्सच्या लढाईत त्याने चुकीचा रस्ता धरला आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारला. म्हणजे खापर फोडायची कला त्यालाही येत होती. स्वतंत्र हुकमत मिळाल्यावर नॉक्सव्हिलला सपशेल फसला आणि आपल्याच डिव्हिजनच्या सेनापतीवर खटला भरला. गेटिसबर्गच्या दुसऱ्या दिवशी तो घुश्श्यात होता, पाय ओढत होता, हे त्याच्या बाजूच्यांनीही लिहिलं आहे. तिसऱ्या दिवशी तर त्याने हल्ल्याचा निर्णय चिठ्ठी लिहून तोफखान्याच्या एका तरुण कर्नलच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. हे मला त्या मान हलवण्यापेक्षा जास्त लागतं. वर म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत लीची उणीदुणी काढून आणि स्वतःची पाठ थोपटून त्याने शत्रूंना आयतं कोलीत दिलं. हे सगळं खरं. पण या चुका आणि सूर्योदयाचा बनावट हुकूम यांत फरक आहे. खऱ्या चुका हाताशी असताना खोटी चूक का बनवावी लागली, याचं उत्तर रणशास्त्रात मिळत नाही.

दुसरी हरकत मला जड जाते. ती म्हणते, हा माणूस चार वर्षं गुलामगिरीसाठी लढला, त्याची बाजू घेऊन भांडायचं कशाला? पेनसिल्व्हेनियावर चालून जाताना लीच्या सैन्याने तिथले कृष्णवर्णीय, कित्येक तर जन्मापासून स्वतंत्र, धरून दक्षिणेकडे हाकलले. अशा धरलेल्या लोकांना पुढील विल्हेवाटीसाठी बरोबर आणावं, हा १ जुलै १८६३ चा पिकेटला गेलेला निरोप लाँगस्ट्रीटच्या कचेरीतून गेला होता. १८६७ च्या पत्रांतही समतेचा उमाळा नाही. कृष्णवर्णीयांची मतं आपण गोऱ्यांनी आपल्या कह्यात ठेवली नाहीत तर दुसऱ्यांच्या हाती जातील, असा व्यवहारी हिशेब त्यांत आहे. त्याला अलीकडे काही जण पश्चात्तापदग्ध संत करू पाहतात. ते तितकंच खोटं आहे जितकं अर्लीचं घरभेदी करणं. पश्चात्ताप त्याच्या कागदपत्रांत मला दिसला नाही. दिसला तो सैनिकाचा कोरडा नियम: हरलो, आता करार पाळायचा. पण तो नियम पाळताना सात वर्षांत तो व्यवहारी हिशेबापासून कॅनॉल स्ट्रीटपर्यंत गेला, आणि ते अंतर थोडं नाही. मन बदललं म्हणून वागणूक बदलते असं आपण समजतो. त्याच्या बाबतीत वागणूकच आधी बदलली. मनाचं काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक, आणि माझ्या दृष्टीने ते दुय्यम आहे.

म्हणून पुतळ्यांच्या प्रश्नावर माझं मत असं बनलं आहे. पुतळा कोणाचा आहे याच्याइतकंच तो केव्हा आणि कोणी बसवला ते विचारावं. रिचमंडचा लीचा अवाढव्य पुतळा बसला १८९० साली, कृष्णवर्णीयांचे हक्क काढून घेतले जात असताना. उतरला सप्टेंबर २०२१ मध्ये. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅनॉल स्ट्रीटच्या त्या चकमकीचा स्तंभ उभारला गेला १८९१ साली, सरकार उलथवू पाहणाऱ्यांच्या सन्मानार्थ. १९३२ साली त्यावर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा उघड उल्लेख कोरला. तो एप्रिल २०१७ मध्ये काढला तेव्हा रात्रीच्या अंधारात, तोंड झाकलेल्या आणि चिलखती जॅकीट घातलेल्या कामगारांकडून काढावा लागला. १४३ वर्षांपूर्वीची चकमक अजून संपलेली नव्हती. हे पुतळे उतरल्याने इतिहास पुसला जातो असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, की शंभर वर्षं त्या शहरात लाँगस्ट्रीटच्या बाजूचं काय उभं होतं. इतिहास पुसायचं काम चौथरे चढवतानाच झालेलं असतं.

लाँगस्ट्रीटला ४१ फुटांवर चढवा असं मी म्हणत नाही. तो जमिनीवर आहे तेच बरं. तिथे त्याच्याशी भांडता येतं.

२ जानेवारी १९०४ ला, ८३ वर्षांचा व्हायला सहा दिवस बाकी असताना, तो जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला वारला. सव्हानातल्या दक्षिणी वीरकन्यांच्या मंडळाने अंत्यविधीला फुलं पाठवायला नकार दिला. त्याच्या मागे राहिली दुसरी बायको हेलन. लग्न झालं तेव्हा तो ७६ वर्षांचा, ती ३४ ची. लोकांनी नाकं मुरडली. पण ५८ वर्षांच्या वैधव्यात तिने नवऱ्याची केस सोडली नाही. त्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं. १९४१ साली गेटिसबर्गला त्याच्या पुतळ्यासाठी पहिली कुदळ मारली. तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि पुतळा राहिला. तेव्हा ही ऐंशीची बाई मारिएटाच्या कारखान्यात बाँबफेकी विमानांना रिव्हेट मारायला गेली. आणि १९५० साली, ८७ व्या वर्षी, तिने जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी नाव दिलं, वर्णभेदाचा कैवारी असलेल्या हर्मन टॅल्मेजच्या विरोधात. हरली, अर्थातच.